लघु आणि मध्यम उद्योगांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• आपल्या व्यवसायातील कोणते काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला द्यावे आणि कोणते देऊ नये, हे ठरवणे.
• अशा साधनाच्या चुका कोणत्या प्रकारच्या असतात आणि त्या का होतात, हे सांगणे.
• ग्राहक आणि कामगार यांच्या माहितीबाबत आपली कायदेशीर जबाबदारी ओळखणे.
• विक्रेत्याने सांगितलेली ‘अचूकता’ स्वतः मोजून पाहणे.
• लहान प्रमाणावर चाचणी घेऊन साधन स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा निर्णय घेणे.

१. प्रस्तावना

समजा, फरसाण तयार करून पाकीटबंद विकण्याचा तुमचा व्यवसाय आहे. एका नव्या व्यापाऱ्याला बिल द्यायचे आहे आणि हिशेब पाहणारे लेखापाल आज रजेवर आहेत. तुम्ही मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारता, “पाकीटबंद फरसाणावर जीएसटी किती?” उत्तर येते, १२ टक्के. भाषा शुद्ध असते आणि सूर खात्रीचा असतो. तुम्ही बिल तयार करून पाठवता.

प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के आहे. एक लाख रुपयांच्या मालावर तुम्ही ७,००० रुपये जास्त मागितले. व्यापाऱ्याच्या लक्षात आले, तर पहिल्याच व्यवहारात विश्वास गेला. लक्षात आले नाही, तरी कर म्हणून घेतलेली रक्कम स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सरकारकडे भरावीच लागते. म्हणजे तुम्हाला फायदा काहीच झाला नाही, आणि ग्राहकाचे मात्र नुकसान झाले.

चॅटबॉट असे का चुकू शकतो? ज्या मजकुरावर तो शिकला, तो मजकूर बहुतांशी दर बदलण्यापूर्वीचा असू शकतो. आपले ज्ञान जुने आहे हे त्याला आपोआप कळत नाही, म्हणून उत्तराचा सूरही बदलत नाही. खरी चूक पुढच्या पायरीवर झाली : ते उत्तर न तपासता तुमच्या सहीच्या कागदावर गेले.

या पाठाचा मुख्य विचार याच उदाहरणातून निघतो. कोणते साधन घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायचे ते असे : हे साधन चुकले तर नुकसान कोणाचे होईल, आणि ती चूक बाहेर जाण्यापूर्वी कोण पकडेल? ज्या कामासाठी या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे आहे, ते काम साधनाला देता येते. उत्तर नसेल, तर ते काम अजून द्यायचे नाही.

२. लघु आणि मध्यम उद्योगांचा प्रश्न वेगळा का?

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार भारतातील उद्योगांची वर्गवारी अशी आहे :

• सूक्ष्म उद्योग : यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत.
• लघु उद्योग : गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत.
• मध्यम उद्योग : गुंतवणूक १२५ कोटी आणि उलाढाल ५०० कोटी रुपयांपर्यंत.

या व्याख्येत तिरुपूरचा होजिअरी कारखाना येतो, कोल्हापूरची फाउंड्री येते, मोरबीचा टाइल्सचा कारखाना येतो आणि गल्लीतला छापखानाही येतो. त्यांच्या कामात साम्य थोडे आहे. परंतु नवे तंत्रज्ञान घेताना या सर्वांची अडचण सारखी असते.

मोठ्या कंपनीत कायदा पाहणारा विभाग वेगळा असतो, संगणक पाहणारा वेगळा, खरेदीचा वेगळा. लहान उद्योगात ही सगळी कामे मालक, त्यांच्या घरातील एखादी व्यक्ती आणि एखादा जुना विश्वासू कर्मचारी एवढेच सांभाळतात. साधन विकणारा जे सांगतो ते पडताळून पाहायला वेगळा माणूस नसतो. शिवाय नफ्याचे प्रमाण कमी असते आणि अनेकदा निम्म्याहून अधिक काम एक-दोन ग्राहकांकडूनच येते. एक मोठी चूक झाली आणि तो ग्राहक तुटला, तर तोल सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. लहान उद्योगाचा मालक प्रत्येक कामाशी परिचित असतो. कोणत्या यंत्रावर कोणता दोष येतो, कोणता ग्राहक पैसे कधी देतो, हे त्याला तोंडपाठ असते. चूक ओळखण्याची ही क्षमता मोठ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सहसा नसते. जबाबदार वापराची सुरुवात याच ज्ञानावर करायची आहे.

३. ही साधने नेमके काय करतात?

व्यवसायात भेटणारी साधने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात.

३.१ ओळखणारी आणि अंदाज करणारी साधने

ही साधने जुन्या नोंदींवरून नमुना शिकतात आणि नव्या बाबतीत अंदाज देतात. कॅमेऱ्यासमोरून जाणारा सुटा भाग सदोष आहे का, पुढच्या महिन्यात कोणता माल किती खपेल, मोटारीचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आहे का, अशा प्रश्नांसाठी ती वापरतात. त्यांची मर्यादा सरळ आहे : जे जुन्या नोंदींत नव्हते, ते त्यांना माहीत नसते. दिवाळीच्या आधीची विक्री फक्त एका वर्षाची दिली, तर दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, हे साधनाला कळणार नाही.

३.२ मजकूर, चित्र किंवा आवाज तयार करणारी साधने

चॅटबॉट या प्रकारात येतात. त्यांच्या मुळाशी भाषा-मॉडेल असते. अफाट मजकूर वाचून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते शिकलेले असते. उत्तर देताना ते एकेक तुकडा जोडत पुढे जाते. म्हणून उत्तर वाचायला सुसंगत वाटते. परंतु सुसंगत असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती नसेल तेथेही मॉडेल खरी वाटणारी माहिती रचू शकते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी सादर केलेल्या कागदपत्रात चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल होते. निकालांची नावे आणि क्रमांक अगदी खरे वाटतील असे होते.

३.३ मराठीत वापरताना

या मॉडेलांनी इंग्रजी मजकूर प्रचंड वाचलेला असतो, मराठी त्या मानाने फार कमी. देवनागरी मजकुराचे तुकडेही अनेक मॉडेलांत जास्त पडतात. तुकड्यांवर शुल्क आकारले जात असेल, तर तेवढ्याच आशयाचे मराठी काम महाग पडू शकते. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा मंच सुरू केला, तो या दृष्टीने उपयोगी आहे.

तरीही बोलभाषेतील ऑर्डरची चाचणी स्वतः घ्या. “परवा” हा शब्द मराठीत होऊन गेलेल्या दिवसासाठीही येतो आणि येणाऱ्या दिवसासाठीही. “परवाचा माल परत पाठवा” आणि “परवा माल पाठवा” यांतला फरक संदर्भावरून कळतो. “पावणेदोनशे नग” म्हणजे १७५, “सव्वाशे” म्हणजे १२५, “अडीच हजार” म्हणजे २,५००. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवलेली ऑर्डर साधन लिहून काढणार असेल, तर असे वीस-पंचवीस संदेश आधी त्याच्याकडून लिहून घ्या आणि आकडे तपासा.

४. कामांची वर्गवारी कशी करावी?

एक कागद घ्या. गेल्या आठवड्यात कार्यालयात आणि कारखान्यात झालेली कामे त्यावर लिहा. प्रत्येक कामापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा.

पहिला प्रश्न : यात चूक झाली, तर ती बाहेर जाण्यापूर्वी सहज दिसेल का?
दुसरा प्रश्न : ती बाहेर गेलीच, तर नुकसान भरून काढता येईल का?

उत्तरांवरून कामांचे तीन गट पडतात.

४.१ पहिला गट : मोकळेपणाने वापरा

चूक लगेच दिसते आणि नुकसान किरकोळ असते, अशी कामे. पत्राचा कच्चा मसुदा, लांबलचक निविदेचा सारांश, हिशेबाच्या तक्त्यातील सूत्र, परदेशी यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा स्वतःपुरता अनुवाद. सुरुवात याच गटापासून करा. साधनाचा स्वभाव कळतो आणि हात बसतो.

४.२ दुसरा गट : तपासल्याशिवाय बाहेर पाठवू नका

कराचे दर, दरपत्रक, वेष्टनावरचा मजकूर, जाहिरात, थकबाकीची नोटीस अशी कामे या गटात येतात. दोन उदाहरणे पाहू.

थकलेल्या पैशांसाठी चॅटबॉटकडून नोटीस लिहून घेतली, असे समजा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि कमाल ४५ दिवसांत, पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. पैसे मिळण्याचे हे संरक्षण मध्यम उद्योगाला नाही. कायद्याच्या नावात ‘मध्यम’ हा शब्द असल्यामुळे साधन येथे सहज घसरू शकते. व्याजाचा दर किंवा पात्रता चुकीची लिहिलेली नोटीस ग्राहकाच्या वकिलाच्या हाती पडली, तर तुमची न्याय्य मागणीही कमकुवत दिसते.

दुसरे उदाहरण जाहिरातीचे. “आमच्या मसाल्याची जाहिरात आकर्षक लिही” असे सांगितले, की साधन “१०० टक्के नैसर्गिक”, “रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा” असे शब्द घालते. तसा पुरावा तुमच्याकडे आहे का? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात साधनाने लिहिली होती, हा बचाव तेथे कामाचा नाही.

या गटातील प्रत्येक कामासाठी तपासणाऱ्या व्यक्तीचे नाव ठरवा. “कोणीतरी बघेल” याचा अर्थ कोणीच बघणार नाही, असा होतो.

४.३ तिसरा गट : निर्णय माणसाचाच

नोकरीवर घेणे किंवा काढणे, वेतन कापणे, ग्राहकाची उधारी बंद करणे, यंत्राच्या सुरक्षा-व्यवस्थेत बदल करणे, खाद्यपदार्थातील घटकांची मर्यादा ठरवणे. येथे चुकीची किंमत एखाद्याची रोजी, हात किंवा आरोग्य असू शकते. साधनाने माहिती गोळा करून द्यावी, निर्णय करू नये. निर्णय घेणाऱ्या माणसाला त्याचे कारण त्या व्यक्तीसमोर स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. “संगणकाने तसे दाखवले” हे कारण होत नाही.

५. जबाबदारी कोणाची?

एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले, की नातेवाइकाच्या निधनामुळे मिळणारी भाडेसवलत तिकीट काढल्यानंतरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि तो त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर लिहिलेला होता. प्रवाशाने तक्रार केली, तेव्हा चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच, मग ती साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या उत्तरात, असे न्यायाधिकरणाने स्पष्ट केले.

हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. त्यामागचा विचार मात्र कोणत्याही व्यापाऱ्याला ओळखीचा वाटेल. दुकानातील नोकराने ग्राहकाला सवलत कबूल केली, तर ग्राहक मालकाकडेच येतो. ग्राहकांशी बोलणारा चॅटबॉट बसवणार असाल, तर तीन नियम पाळा :

• आपण यंत्राशी बोलत आहोत, हे ग्राहकाला सुरुवातीलाच कळू द्या.
• किंमत, सवलत, परतावा आणि वितरणाची तारीख यांबाबत चॅटबॉटने फक्त तुम्ही लिहून दिलेला मजकूरच द्यावा.
• माणसाशी बोलण्याचा मार्ग प्रत्येक टप्प्यावर ठेवा आणि त्या फोनला उत्तर देणारा माणूस खरोखर नेमा.

६. माहितीचे रक्षण

चॅटबॉटच्या चौकटीत जे चिकटवता, ते तुमच्या संगणकातून दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर जाते. काही सेवा, विशेषतः मोफत सेवा, तो मजकूर पुढे मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू शकतात. २०२३ मध्ये सॅमसंगमधील कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या संगणक-प्रणालीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर निर्बंध आणले. त्या कर्मचाऱ्यांना गुपित फोडायचे नव्हते, काम लवकर उरकायचे होते. तुमच्याकडेही असेच होऊ शकते. ग्राहकाने विश्वासाने दिलेले ड्रॉइंग, तुमचा मूळ खर्च, मसाल्याचे प्रमाण, ग्राहकांची यादी, कामगारांचे आधार क्रमांक या गोष्टी सहजपणे बाहेर जातात आणि परत आणता येत नाहीत.

व्यक्तींच्या माहितीबाबत आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यातील चार गोष्टी लहान उद्योजकाने लक्षात ठेवाव्यात :

• माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याच्यावर मुख्य जबाबदारी असते. तुम्ही बाहेरच्या कंपनीची सेवा वापरली तरी तिच्याकडून होणाऱ्या प्रक्रियेसाठी उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे.
• संमती घेताना कारण स्पष्ट सांगायचे आणि त्या कारणापुरतीच माहिती घ्यायची. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय हवी.
• १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.
• माहितीच्या सुरक्षिततेसाठी योग्य उपाय केले नाहीत, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

रोजच्या कामासाठी एक साधी सवय पुरते. जे पत्र उघड्या पोस्टकार्डावर लिहायला तुम्ही कचराल, ते तशाच्या तसे चॅटबॉटमध्ये टाकू नका. नावे, फोन क्रमांक, खाते क्रमांक काढून “ग्राहक क”, “कामगार १” असे लिहा. मसुदा तयार झाल्यावर खरी नावे आपल्या संगणकावर भरा.

७. जुन्या नोंदींतील पूर्वग्रह

ॲमेझॉनने नोकरीसाठी आलेले अर्ज चाळण्याचे एक साधन विकसित केले होते. दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर ते शिकले होते, आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी ‘महिला’ या अर्थाचा शब्द असलेल्या अर्जांना ते कमी गुण देऊ लागले. कंपनीने ते साधन सोडून दिले. हा प्रकार ऑक्टोबर २०१८ मध्ये वृत्तांतून सर्वांसमोर आला.

लहान उद्योगात हाच दोष वेगळ्या रूपात येतो. तुमच्या कारखान्यात आजवर यंत्रावर फक्त पुरुषच होते, तर जुन्या नोंदींवर शिकलेले साधन महिला उमेदवार ‘अयोग्य’ ठरवू शकते. उधारीबाबत गेल्या पाच वर्षांत एका भागातील व्यापाऱ्यांना तुम्ही उधारच दिली नसेल, तर त्यांनी परतफेड केल्याची नोंदच नसते, आणि साधन त्यांना जोखमीचे म्हणते. पूर्वीचा अन्याय आकड्यांच्या रूपात परत आला, की तो निःपक्षपाती वाटू लागतो. म्हणून साधनाने नाकारलेल्यांतील काही अर्ज दर वेळी स्वतः वाचा. चांगली माणसे त्यात अडकली आहेत का, हे तेथेच कळेल.

८. ‘अचूकता’ स्वतः मोजा

विक्रेता म्हणतो, “आमची प्रणाली ९५ टक्के अचूक आहे.” हा आकडा तपासण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण सोडवू.

एका फाउंड्रीत कॅमेऱ्याने कास्टिंग तपासायची आहेत. १,००० नगांत २० सदोष आहेत आणि ९८० चांगले. प्रणाली सदोष नगांपैकी ९० टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी ५ टक्के चुकून सदोष ठरवते.

• पकडलेले सदोष नग : १८
• निसटलेले सदोष नग : २
• चुकून बाजूला काढलेले चांगले नग : ४९
• बरोबर पुढे गेलेले चांगले नग : ९३१

बरोबर निर्णय १८ + ९३१ = ९४९. म्हणजे अचूकता ९४.९ टक्के, विक्रेता खोटे बोलला नाही. आता दुसरी प्रणाली घ्या, जी काहीही न पाहता प्रत्येक नग ‘चांगला’ म्हणते. ती ९८० वेळा बरोबर ठरते, म्हणजे अचूकता ९८ टक्के! पण ती एकही दोष पकडत नाही. केवळ अचूकतेच्या टक्क्यावरून निर्णय का घेऊ नये, हे यावरून स्पष्ट होते.

विचारायचे प्रश्न दोन : किती दोष निसटतात, आणि किती चांगला माल उगाच अडतो? त्यांना रुपयांची किंमत लावा. ग्राहकाकडून परत आलेल्या एका सदोष नगाचा खर्च २,००० रुपये आणि बाजूला काढलेला नग पुन्हा हाताने तपासण्याचा खर्च १० रुपये धरू. तपासणीच नसेल, तर २० × २,००० = ४०,००० रुपये नुकसान. प्रणाली असेल, तर निसटलेल्या २ नगांचे ४,००० आणि बाजूला काढलेल्या ६७ नगांच्या फेरतपासणीचे ६७०, एकूण ४,६७० रुपये. आता तुमचा अनुभवी तपासनीस आज किती दोष पकडतो, हे मोजून तोच हिशेब मांडा. प्रणालीची तुलना त्याच्याशी करायची, शून्याशी नाही. फरकातून साधनाचे भाडे, कॅमेऱ्याची देखभाल आणि वीज वजा केल्यावर उरेल तो खरा फायदा.

प्रकाश बदलला, नवा साचा आला किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली, की हे आकडे बिघडतात. म्हणून मोजणी दर महिन्याला पुन्हा करा.

९. कामगारांना विश्वासात घ्या

कॅमेरा बसताना पाहून कामगाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो स्वतःच्या नोकरीचा. त्याला उत्तर मिळाले नाही, तर तो साधनाच्या चुका तुम्हाला सांगणार नाही. कधी कधी त्या होऊ देईल. साधन आणण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट सांगा : ते कोणते काम करणार, ते काम आज करणाऱ्या व्यक्तीला पुढे कोणते काम मिळणार, आणि कॅमेऱ्याची नोंद कशासाठी वापरली जाणार नाही. मालातील दोष पाहण्यासाठी बसवलेला कॅमेरा पुढे चहाच्या सुट्टीची मिनिटे मोजायला वापरला, तर दिलेला शब्द मोडतो.

ज्या माणसाचे काम साधन करणार आहे, त्यालाच चाचणीत परीक्षक नेमा. दोष कसा दिसतो हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. त्याने दाखवलेल्या प्रत्येक चुकीची नोंद घ्या आणि त्याबद्दल त्याचे नाव घ्या.

१०. स्वीकारण्याच्या पायऱ्या

पायरी १ : एकच काम निवडा. ते पहिल्या किंवा दुसऱ्या गटातील असावे.

पायरी २ : आजची स्थिती मोजा. त्या कामाला वेळ किती लागतो, चुका किती होतात, हे दोन आठवडे लिहा. ही नोंद नसेल, तर सुधारणा झाली की नाही, हे नंतर सांगता येणार नाही.

पायरी ३ : पुरवठादाराला लेखी प्रश्न विचारा. आमची माहिती कोठे साठवली जाते? ती प्रशिक्षणासाठी वापरता का? सेवा बंद केल्यास आमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील? पुढच्या वर्षी शुल्क किती वाढू शकते? तोंडी आश्वासनावर थांबू नका.

पायरी ४ : चार ते सहा आठवडे जुनी पद्धत आणि नवे साधन शेजारी शेजारी चालवा. या काळात साधनाच्या उत्तरावर कोणताही अंतिम निर्णय घेऊ नका.

पायरी ५ : चूक-वही ठेवा. तारीख, काय विचारले, काय उत्तर आले, बरोबर काय होते, कोणी पकडले, एवढे पाच रकाने पुरेत. महिनाअखेरीस ती वही वाचली, की साधन कोठे घसरते ते दिसते.

पायरी ६ : निर्णय घ्या. फायदा दिसला तर पुढे जा. दिसला नाही तर थांबा, आणि थांबणे हे अपयश मानू नका. दोन्ही बाबतीत जुन्या पद्धतीने काम करता येईल एवढी तयारी कायम ठेवा. इंटरनेट बंद पडल्या दिवशीही गाडीत माल चढवावाच लागतो.

सोबत एका पानाचे नियम लिहून भिंतीवर लावा : कोणती साधने वापरायची, त्यांत काय टाकायचे नाही, कोणते काम कोण तपासणार, चूक आढळल्यास कोणाला सांगायचे. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे वाक्यही त्यात असू द्या.

११. सारांश

• साधन चुकल्यावर नुकसान कोणाचे आणि चूक कोण पकडणार, हे आधी ठरवावे.
• भाषा-मॉडेलचे उत्तर सुसंगत असले तरी खरे असेलच असे नाही. बदलणारे दर, कायदे व आकडे मूळ ठिकाणी तपासावेत.
• कामांचे तीन गट पाडावेत. माणसाच्या रोजीवर किंवा सुरक्षिततेवर परिणाम करणारा निर्णय माणसानेच घ्यावा.
• साधनाने दिलेल्या उत्तराची आणि त्यात टाकलेल्या माहितीची जबाबदारी व्यवसायाचीच राहते.
• अचूकतेच्या एका टक्क्यावर विसंबू नये. निसटलेल्या आणि उगाच अडलेल्या नगांचा हिशेब रुपयांत करावा.
• एका कामापासून सुरुवात करावी, मोजावे, नोंद ठेवावी आणि परतीचा मार्ग मोकळा ठेवावा.

१२. स्वाध्याय

१. तुमच्या ओळखीच्या एका लहान व्यवसायातील दहा कामांची यादी करा आणि दोन प्रश्नांच्या आधारे ती तीन गटांत विभागा. प्रत्येक कामापुढे कारण लिहा.

२. विभाग ८ मधील उदाहरणात प्रणाली ८० टक्के दोष पकडते आणि चांगल्या नगांपैकी फक्त १ टक्का चुकून अडवते, असे माना. (चुकून अडलेल्या नगांची संख्या जवळच्या पूर्णांकात घ्या.) अचूकता व एकूण खर्च काढा. दोन प्रणालींपैकी कोणती स्वीकाराल? परत आलेल्या नगाचा खर्च २,००० ऐवजी २०० रुपये असता, तर फरक किती उरला असता?

३. तुमच्या शेजारच्या किराणा दुकानाने ऑर्डर घेण्यासाठी चॅटबॉट बसवला आहे. त्याची चाचणी घेण्यासाठी ग्राहक बोलतात तशी मराठी वाक्ये तयार करा. किमान दहा वाक्ये लिहा आणि प्रत्येकात साधन कोठे चुकू शकते ते सांगा.

४. २० कामगारांच्या कारखान्यासाठी एका पानाचे नियम मराठीत लिहा. ते यंत्रावर काम करणाऱ्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांना न कळलेले प्रत्येक वाक्य पुन्हा लिहा.